सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं लाईव्ह फीड पोलीस चौकीला द्यायचं का?

सहकारनगरकर
मंडळी, जरा मत हवंय. आमची सोसायटी ६४ फ्लॅटची, पुण्यात. गेल्या आठवड्यात चौकीतून एक जण येऊन सेक्रेटरींना भेटून गेले. म्हणाले गेटवरच्या आणि रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यांचं लाईव्ह फीड चौकीला जोडून द्या, बाकीचे देतायत. कागद वगैरे काही नाही, सगळं तोंडी. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं आणि अर्ध्या तासात ४१ अंगठे!! मी एवढंच विचारलं की कुठल्या नियमाखाली मागतायत, कोण बघणार, किती दिवस ठेवणार. त्यावर पहिलं उत्तर 'तुम्हाला लपवण्यासारखं काय आहे?' आणि दुसरं एका काकांचं, 'यांच्याकडे कोण येतं जातं ते आता बघायलाच हवं.' हसणाऱ्या चेहऱ्यांची माळ सोबत. बायको म्हणते कशाला वाकड्यात शिरतोस. २२ तारखेला मीटिंग आहे. मी उगाच कीस काढतोय का? खरंच विचारतोय.

नानबा
लपवण्यासारखं काय आहे विचारणाऱ्याला म्हणावं तुमचा आयटीआर ग्रुपवर टाका, मग बोलू.

कडक_चहा
मला तर काहीच गैर वाटत नाही. मागच्या दिवाळीत आमच्या लेनमध्ये दोन घरफोड्या झाल्या, समोरच्या मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर मिळाला म्हणून चोर सापडले. मुलगी क्लासवरून रात्री नऊला येते, मला चौकात कॅमेरा असला की बरं वाटतं. प्रायव्हसी वगैरे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

सहकारनगरकर
@कडक_चहा राग नाही. पण चोरी झाल्यावर फुटेज मागणं आणि चोवीस तास फीड जोडून ठेवणं यात फरक आहे की नाही? पहिल्याला माझा कधीच विरोध नव्हता.

मालवणी_खाजा
आमच्या वाडीत कॅमेरे नाहीत आणि गरजही नाही. समोरची काकी आहे. कोण किती वाजता आला, पिशवीत पापलेट होता की बांगडा, पावण्याच्या गाडीचा नंबर काय, सगळा तोंडपाठ. वीज गेली तरी काकी चालू. आणि रेकॉर्डिंग तर चाळीस वर्षांचा आसा, माझ्या लग्नात तिने माझ्या बापाचं १९८३ सालचं प्रकरण काढलं होतं.

नानबा
काकीला पोलीस चौकीशी जोडा रे कोणीतरी 😂

खाकीतून_निवृत्त
मी ३३ वर्षं पोलीस खात्यात काढली, शेवटची सात गुन्हे शाखेत. लोक काय समजतात ते वाचून गंमत वाटते. चौकीत बसून तुमच्या गेटचं फीड बघत बसायला माणूस कुठाय? एका चौकीत दिवसपाळीला चार जण, त्यातले दोन बंदोबस्ताला, एक कोर्टात समन्स घेऊन. चौथा चहा सांगतो. लाईव्ह बघतं कोण! गुन्हा घडला की मागे जाऊन बघायचं, एवढाच उपयोग. मुंबईत २६/११ नंतर त्या हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या प्रधान समितीने सांगितलं तेव्हापासून शहरभर कॅमेरे लावायचं चाललं होतं, टेंडरांचे घोळ होता होता २०१६ उजाडलं, तेव्हा पाच हजारांच्या आसपास लागले. त्याने किती तपास सोपे झाले ते आम्हाला माहीत. हरवलेलं पोर स्टेशनबाहेर कुठल्या दिशेला गेलं हे कळायला आधी दोन दिवस लागायचे, आता दोन तासांत कळतं. त्या पोराच्या आईला जाऊन सांगा प्रायव्हसी.

मात्र एक गोष्ट सहकारनगरकरांची बरोबर आहे. तोंडी मागणं चुकीचं. मी असतो तर पत्र आणा म्हटलं असतं. आमच्या वेळी जावक क्रमांकाशिवाय आम्ही टाचणीसुद्धा देत नव्हतो.

वकीलीण_बाई
धागा चांगला आहे, थोडं कायद्याचं सांगते, कंटाळा आला तर खाली जा.

फुटेज देण्याबद्दल: एखाद्या गुन्ह्याच्या तपासात पोलीस लेखी नोटीस देऊन ठरावीक वेळेचं फुटेज मागू शकतात, पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ९१, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ९४. ते द्यावंच लागतं आणि द्यावंही. पण 'कायमचं फीड जोडून द्या' असा अधिकार त्या कलमातून निघत नाही. तुम्ही दिलंत तर ती तुमची मर्जी, आणि मर्जीला अटी घालता येतात.

प्रायव्हसी पोट भरलेल्यांची आहे का, तर २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की तो घटनेच्या कलम २१ मधला मूलभूत हक्क आहे. याचिका करणारे पुट्टस्वामी हे कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, निकालाच्या वेळी नव्वदी ओलांडलेले. आणि गंमत बघा, त्या निकालात कोर्टाने आपलाच एक जुना निकाल मोडीत काढला तो खडक सिंग नावाच्या माणसाचा, उत्तर प्रदेशातल्या. १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून धरलं, पुरावा नाही म्हणून सोडलं, तरी पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्ट्री शीट उघडली आणि रात्री-अपरात्री चौकीदार दार ठोठावून 'घरात आहेस का' बघायला यायचे. कोर्टाने रात्रीचं दार ठोठावणं तेव्हाही बेकायदा ठरवलं, पण खाजगीपणा म्हणून काही हक्क घटनेत नाही असंही म्हटलं, आणि ते वाक्य पंचावन्न वर्षं तसंच राहिलं. म्हणजे या देशात प्रायव्हसीची मूळ केस खडक सिंगची आहे. कुठल्या पोट भरलेल्याची नाही.

कडक_चहा
वकीलीण बाई, पॉइंट घेतला. तरी माझी मुलगी रात्री नऊला येते हे तसंच राहतं.

वकीलीण_बाई
राहतंच. त्या चौकात कॅमेरा नको असं मी म्हणतच नाहीये.

विदर्भी_मिरची
राजेहो, तुम्ही सारे गेटच्या कॅमेऱ्यावर अडले. आमच्या नागपुरात महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधलं होतं, माहीत आहे का? हजारो कामगार. कुठं उभा आहे, किती वेळ उभा आहे, वॉर्डाच्या बाहेर गेला का, सारं कंट्रोल रूममध्ये दिसे. पुढं नवी मुंबई, चंदीगड, पंचकुला इकडंही हेच. सकाळी सहाला झाडायला निघालेली बाई, तिनं लघवीले जायचं तर कुठं जायचं आधीच पंचाईत, त्यात घड्याळ सांगते की दहा मिनिटं जागेवरून गायब. बाया सांगत की घड्याळात कॅमेरा आहे, आपलं बोलणंही ऐकते, म्हणून संडासात जाताना काढून ठेवावं तर पगार कापतील ही भीती. आता कॅमेरा होता का नव्हता हा मुद्दाच नाही ना बावा, तिले कोणी समजावून सांगितलंच नाही हा मुद्दा आहे. आणि साहेबाच्या हातात कोणतं घड्याळ होतं? टायटन.

मागं एकदा आमच्या ऑफिसात लंचटाइमचं पंचिंग सुरू केलं तर आम्ही चार दिवस युनियन युनियन केलं, बंद पाडलं. झाडणाऱ्या बाईसाठी कोणी केलं नाही. मीबी नाही.

मुक्ता_एस
विदर्भी_मिरची, तुमचं वाचून माझ्या सासूबाईंची आठवण आली, त्या अंगणवाडी सेविका होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. पोषण ट्रॅकर हे नोंदी भरायचं सरकारी ॲप आलं तेव्हा सरकारने दिलेले फोन इतके कमी दमाचे की ॲप उघडता उघडता गरम व्हायचे, वर सगळं इंग्रजीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी फोन परत केले, सासूबाईंनी पण पिशवीत घालून प्रकल्प कार्यालयात नेऊन दिला होता, घरी येऊन म्हणाल्या 'आज हलकं वाटतंय'. आता २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी आईचा चेहरा स्कॅन करायचा असतो. गरोदर बाई, तिचा आधारचा फोटो लग्नाआधीचा, ऊन, नेटवर्क नाही, पापणी मिटा, मिटा, परत मिटा. सासूबाईंच्या जागी आलेली मुलगी सांगते की पाकिटं समोर ठेवलेली असतात, बाई समोर उभी असते, ती माझ्या शेजारचीच असते, मी तिला लहानपणापासून ओळखते, आणि मला तिला ओळखायची परवानगी नाही.

नानबा
हे वाचून विनोद सुचला नाही. पुढचा प्रतिसाद.

खाकीतून_निवृत्त
मुक्ताताई, पण यात दुसरी बाजूही आहे. बोगस लाभार्थी दाखवून धान्य बाजारात गेलेलं मी स्वतः पकडलंय. ट्रकसकट.

मुक्ता_एस
ट्रक पकडलात ना काका? ट्रकला पापणी मिटायला लावा की मग.

फ्रांकफुर्टकर
इकडचं थोडं. जर्मनीत मी अकरा वर्षं आहे. लोकांना वाटतं युरोपात सरकार काही विचारत नाही, पण इथे घर बदललं की दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, म्हणजे मी कुठे राहतो ते सरकारला पक्कं माहीत. तरी माझ्या इमारतीत जिन्यात कॅमेरा लावायचा म्हटलं तर भाडेकरू कोर्टात जातील आणि बहुतेक जिंकतील.

कारण इतिहास आहे. पूर्व जर्मनीच्या स्टाझीकडे, म्हणजे गुप्त पोलिसांकडे, १९८९ साली नव्वद हजाराच्या आसपास पगारी माणसं होती आणि त्याच्या दुपटीने खबरे. खबरे म्हणजे कोण, तर शेजारी, शिक्षक, काही ठिकाणी चक्क नवरा. १९९२ पासून लोकांना आपापली फाईल वाचायला मिळू लागली. माझी घरमालकीण लाइपझिगची, तिने तिची फाईल वाचलीय. म्हणाली भयंकर असं त्यात काही नव्हतं, किती वाजता दूध आणलं, कोणाशी फाटकात बोलले, असलंच. पण लिहिणारं कोण ते हस्ताक्षरावरून कळलं आणि त्यानंतर त्या मैत्रिणीकडे मी गेले नाही. (मालवणी_खाजा, तुमच्या काकीपेक्षा हे वेगळं एवढ्याचसाठी की काकी काय बघते ते तुम्हाला माहीत असतं, आणि तुम्हीही तिचं बघता.)

पश्चिम जर्मनीतही १९८३ मध्ये जनगणनेवरून रान उठलं, प्रश्न फार विचारतायत म्हणून. कोर्टाने जनगणना थांबवली आणि डिसेंबरात निकाल दिला की आपली माहिती कोणाला किती द्यायची हे ठरवायचा हक्क माणसाचा आहे. संगणक तेव्हा खोलीएवढे होते.

मालवणी_खाजा
फ्रांकफुर्टकर, कंसातलं बरोबर. काकीचा मुलगा मुंबईत काय करता ता माका ठाऊक आसा, म्हणून ती माझ्याबद्दल बेताने बोलते. समतोल!

भाग्यनगरचा_बाळ
आमच्याकडे हैदराबादेत हा प्रश्न विचारायची सोयच नाही. २०१३ पासून कायदाच आहे, शंभरावर माणसं जमतात अशा ठिकाणी कॅमेरे लावायचे आणि फुटेज तीस दिवस ठेवायचं. वर पोलिसांची योजना 'नेनू सैतम', म्हणजे 'मीसुद्धा', वर्गणी काढून गल्लीत कॅमेरे लावा. आमच्या अपार्टमेंटने पण दिलीय वर्गणी, मी दिलीय, पावती आहे. चोऱ्या कमी झाल्या असं वाटतं खरं. पण २०२१ मध्ये जुन्या शहरात पोलीस रस्त्यात माणसं थांबवून, मास्क खाली करायला लावून फोटो काढत होते, लॉकडाऊनमध्ये. एका कार्यकर्त्याने का काढला विचारलं, उत्तर मिळालं नाही, मग तो हायकोर्टात गेला चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेविरुद्ध. मी बंजारा हिल्सला नोकरीला होतो तेव्हा, दोन वर्षांत मला एकदाही कोणी मास्क खाली कर म्हटलं नाही. शहर तेच, पोलीस तेच.

सोलापुरी_चादर
मी सहसा वाचूनच सोडतो, पण भाग्यनगरचा_बाळ यांचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो.

माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, संपला विषय. नाव रजिस्टरला, बोटांचे ठसे सरकारकडे, आणि सेटलमेंटला तारेचं कुंपण. दिवसा मिलमध्ये कामाला सोडायचे आणि हजेरी. आजोबा सांगायचे की हजेरीला नाव पुकारलं की फक्त 'हजर' म्हणायचं, दुसरा शब्द नाही. म्हातारपणी सुद्धा दारात कोणी जोरात नाव घेतलं की ते उठून उभे राहायचे. आम्ही पोरं हसायचो बे, कळत नव्हतं.

देशभरातून तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून आम्ही तो दिवस पाळतो. मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आमच्या वस्तीजवळ कुठं चोरी झाली की पहिली गाडी आजही आमच्याकडं येते. मी स्वतः इंजिनिअर आहे, पुण्यात भाड्यानं फ्लॅट घेताना पोलीस व्हेरिफिकेशन करायला गेलो होतो, आडनाव वाचून समोरच्यानं मान वर केली. बाकी काही नाही, काम झालं, चहा पण विचारला. पण मान वर केली.

आता मुद्दा असा की तुम्ही म्हणता लपवण्यासारखं काय आहे. आमच्या आजोबांकडं पण लपवण्यासारखं काही नव्हतं. ठसे दिलेलेच होते. खाकीतून_निवृत्त काका म्हणतात लाईव्ह बघायला माणूस नाही, बरोबर, सगळ्यांना बघायला माणूस कधीच नव्हता. निवडून बघायला मात्र कायम असतो.

कडक_चहा
…
मोबाईलवरून आहे, रात्री नीट लिहितो.

वकीलीण_बाई
सोलापुरी_चादर, आभार लिहिल्याबद्दल. वर मी खडक सिंग लिहिलं ते पुस्तकी होतं.

सीमारेषा
सगळे कॅमेऱ्याचंच बोलतायत, फोनचं काय? डिसेंबरात तो संचार साथीचा गोंधळ झाला होता आठवतंय का, प्रत्येक नवीन फोनमध्ये ॲप आधीच टाकून द्या असा दूरसंचार खात्याचा आदेश २८ नोव्हेंबर २०२५ चा, बातमी फुटली, आरडाओरडा झाला, आणि ३ डिसेंबरला मागे. पाच दिवस! आपल्याकडे ओरडून काहीतरी होतं म्हणायचं. (ॲप तसं कामाचं आहे, आपल्या नावावर किती सिम आहेत ते कळतं. माझ्या नावावर एक अनोळखी निघालं, बंद करून घेतलं. सक्ती का, एवढाच प्रश्न.)

नानबा
माझ्या नावावर सहा निघाली. सगळी मुलाची. पाळत कोणावर ठेवायची ते कळलं.

दादरकर_जुना
फोन टॅपिंगला कोणाची परवानगी लागते? सिनेमात तर इन्स्पेक्टर हेडफोन लावतो आणि झालं.

खाकीतून_निवृत्त
सिनेमावर जाऊ नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडीआर म्हणजे कोणी कोणाला कधी किती वेळ फोन केला आणि कुठल्या टॉवरखाली, यात बोलणं नसतं. तो एसपी किंवा डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत कंपनीकडून मागवतात. दुसरं प्रत्यक्ष ऐकणं, त्याला गृहसचिवाचा आदेश, साठ दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. तातडीचं असेल तर आयजी दर्जाचा अधिकारी देऊ शकतो पण मागाहून मंजुरी लागते. आणि सीडीआर बाहेर विकले गेलेत हे पण प्रामाणिकपणे सांगतो, २०१८ ला ठाण्यात गुन्हे शाखेने खाजगी डिटेक्टिव्हांची टोळी धरली होती, नवऱ्याला बायकोचे, बायकोला नवऱ्याचे. लाज वाटली होती तेव्हा.

वकीलीण_बाई
काकांनी बरोबर सांगितलं, पुढचं मी. ही पद्धत सरकारने आपणहून केलेली नाही, १९९६ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) निकालात सुप्रीम कोर्टाने घालून दिली. मूळ कायदा टेलिग्राफचा, १८८५ चा. पण गृहसचिवाचा आदेश तपासतं कोण? आढावा समिती. त्यात कोण? सचिवच. न्यायाधीश एकही नाही. २०१३ च्या आसपास माहिती अधिकारात बाहेर आलं होतं की एकटं केंद्र महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश काढतं. समिती बसते दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश. डेटा संरक्षणावरच्या श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात हा आकडा आहे. एकेक आदेश वाचायला एक मिनिट धरा, चहा न पिता दहा-बारा दिवस अहोरात्र.

म्हणून पकडलं जातं ते अपघाताने, खटला उभा राहिल्यावर. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका लाचेच्या प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, सार्वजनिक सुरक्षेचा काही संबंधच नव्हता म्हणून, आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. ज्याच्यावर खटलाच झाला नाही त्याला कधी कळणारच नाही की आपलं बोलणं ऐकलं गेलं. १८८५ चा कायदा जाऊन २०२३ चा आला, नियम २०२४ च्या शेवटी नवे आले, समितीत सचिवच.

दादरकर_जुना
आणि तो डेटा प्रोटेक्शन कायदा आला म्हणतात तो? अडीचशे कोटी दंड वगैरे?

वकीलीण_बाई
२०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. दंड कंपन्यांना. कलम १७ वाचा, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांनी सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला अख्ख्या कायद्यातून सूट देऊ शकतं. शिवाय त्याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं, त्यातली जनहिताची अट गेली, आता 'वैयक्तिक माहिती आहे' म्हटलं की त्या कलमाखाली नकार देता येतो (कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद तेवढी उरली). म्हणजे प्रायव्हसी आहे हो, बाबू लोकांना.

नानबा
हे टाळ्यांचं वाक्य होतं.

पुणेरी_पगडी
विषयांतर: ई-चलानचं कोणी बोलणार का? मला चिंचवडच्या एका सिग्नलचं हेल्मेट नसल्याचं चलान आलं, फोटोत दुसऱ्याची गाडी, दुसराच माणूस, आणि तो माझ्यापेक्षा देखणा. तक्रार केली तर 'पुरावा जोडा'. कसला पुरावा जोडू, माझं थोबाड?

विदर्भी_मिरची
देखणा होता तर भरून टाक ना भाऊ.

कडक_चहा
आता लॅपटॉपवर. सोलापुरी_चादर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी चोचले म्हटलं ते मागे घेतो. पण माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. ज्या पोलिसाने तुमचं आडनाव बघून मान वर केली तो कॅमेरा नसताना पण करणारच. कॅमेऱ्यात निदान रेकॉर्ड राहतं, उद्या कोणी तुमच्यावर खोटा आळ घेतला तर तुम्ही त्या वेळी दुसरीकडे होतात हे दिसेल. उलट मी म्हणेन चौकीतच कॅमेरे लावा.

वकीलीण_बाई
लावायला सांगितलेत. डिसेंबर २०२०, सुप्रीम कोर्ट, प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसकट, फुटेज शक्यतो १८ महिने. मागायला जाल तेव्हा नेमका त्या दिवशी बंद असतो.

सोलापुरी_चादर
@कडक_चहा तुमचं पण बरोबर आहे. मी सुटावं म्हणून कॅमेरा कामाला येईल, मान्य. फक्त ते फुटेज माझ्या हातात नसणार, त्याच्याच हातात असणार.

खाकीतून_निवृत्त
सोलापुरी_चादर, नोकरीत सुरुवातीला मी पण गेलोय अशा वस्त्यांवर रात्री. वरून आदेश असायचा, 'यादीवरची घरं तपासा'. यादी कोणी केली, कधी केली, आम्ही विचारलं नाही. एवढंच लिहितो.

सहकारनगरकर
मंडळी, काल मीटिंग झाली. वृत्तांत देतो, कारण जे झालं ते माझ्या डोक्यातही नव्हतं.

मी छान तयारी करून गेलो होतो, वकीलीण बाईंचे मुद्दे कागदावर. सुरुवातीचा अर्धा तास पार्किंगवर गेला, नेहमीप्रमाणे. मग विषय आला. मी पुट्टस्वामी म्हटलं तर मागून आवाज आला 'कुठल्या विंगमध्ये राहतात?' (शप्पथ.) खडक सिंगपर्यंत पोचलोच नाही. मतदान घ्या, मतदान घ्या सुरू झालं.

तेवढ्यात बी विंगमधल्या एक ताई, ज्या कधी बोलत नाहीत, त्यांनी सहज विचारलं की आत्ता हे फीड कोणाकडे दिसतं? सेक्रेटरी म्हणाले गार्डच्या केबिनमध्ये. आणि? आणि माझ्या मोबाईलवर. आणि? खजिनदारांच्या. आणि? मुलाने सेट करून दिलं ना, तर त्याच्याही. सेक्रेटरींचा मुलगा एकोणीस वर्षांचा. कॅमेरे लिफ्टमध्ये आहेत, लॉबीत आहेत, एक गच्चीवर आहे जिथे बायका सकाळी योगा करतात. पासवर्ड काय, तर कंपनीने दिलेला तोच.

जे पेटलं म्हणता! ज्या काकांनी 'कोण येतं जातं बघायला हवं' लिहिलं होतं त्यांची सून उभी राहिली आणि तिने सेक्रेटरींना विचारलं गेली दोन वर्षं तुमचा मुलगा काय बघतोय. काका गप्प. सरकारला दाखवायला एकेचाळीस अंगठे होते, सेक्रेटरीच्या पोराला दाखवायला एकही नाही. पोरगा बिचारा कदाचित काही बघतही नसेल, पण ते कोणी ऐकून घेतलं नाही.

तर आता ठरलंय असं: गच्चीवरचा कॅमेरा काढायचा, मोबाईलवरचं सगळ्यांचं बंद, पासवर्ड बदलायचा, आणि फुटेज कोणी मागितलं तर लेखी घ्यायचं आणि एका रजिस्टरला नोंद, कोणी मागितलं, कुठल्या वेळेचं, कशासाठी. पोलिसांच्या लाईव्ह फीडचा विषय 'लेखी पत्र आल्यावर बघू' म्हणून पुढे ढकलला. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे चौकीत फोन करून पत्र पाठवा म्हणून सांगितलं, ते म्हणाले बघतो.

घरकाम करणाऱ्या मावशींचे फोटो आणि आधारच्या झेरॉक्स गेटवरच्या फाईलमध्ये उघड्यावर पडलेल्या असतात, तो मुद्दा मी काढला. त्यावर म्हणाले 'ते वेगळं'. वेळ संपली होती, लोक वडापावकडे वळले.

मुक्ता_एस
'ते वेगळं' पुढच्या मीटिंगला पहिला विषय म्हणून घ्या. पार्किंगच्या आधी.

मालवणी_खाजा
पार्किंगच्या आधी काहीच येऊ शकत नाही, देवसुद्धा.

खाकीतून_निवृत्त
पत्र येणार नाही, मी लिहून देतो. रजिस्टर मात्र आजच घाला, पानांना नंबर टाकून, मागाहून पान फाडता आलं नाही पाहिजे.

भाग्यनगरचा_बाळ
रजिस्टरचे रकाने कसे केलेत? आमच्या अपार्टमेंटला दाखवतो, कायद्याने फुटेज ठेवावं लागतंच, निदान कोण घेऊन जातं ते तरी लिहू.

सहकारनगरकर
अजून वहीच आणायचीय. आणली की फोटो टाकतो. मावशींच्या झेरॉक्सची फाईल आज सकाळी गार्डकडून मागून घेतली, तो म्हणाला सेक्रेटरींना विचारून देतो, मी म्हटलं लेखी विचार.